प्रोस्टेट ११८ ग्रॅम, कॅथेटर लागलेला: रोबोटिक शस्त्रक्रियेचा आग्रह धरावा का?

द्राक्षबाग, तासगाव

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो. गेली चार वर्षे त्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, त्रास आहे. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे आणि लघवी झाल्यावरही पूर्ण झाल्याचे समाधान नसते. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड ही एकत्रित गोळी अडीच वर्षे चालू आहे. लग्नकार्यालाही ते जाईनासे झाले होते, कारण एसटीत दोन तास बसवत नाही. पण घरात कोणी तो विषय काढला की ते उठून बागेत जात.

ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत त्यांना सर्दी झाली आणि त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे लघवी पूर्ण तुंबली. मिरजेला नेऊन कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तेव्हा एकाच वेळी १,१०० मिलिलिटर लघवी निघाली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.९ होते, ते दहा दिवसांत १.३ वर आले. सोनोग्राफीत प्रोस्टेट ११८ ग्रॅम, ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात घुसलेला, मूत्राशयात दोन खडे (मोठा अडीच सेंटिमीटरचा) आणि दोन्ही मूत्रपिंडांना थोडी सूज, असे आले. दहा दिवसांनी कॅथेटर काढून पाहिला. लघवी झाली नाही म्हणून पुन्हा घातला. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठीची रक्ततपासणी) ८.६ आहे. मधुमेह बारा वर्षांपासून आहे. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन चालू आहे.

तीन ठिकाणी दाखवले आणि तीन सल्ले मिळाले. मिरजेतील डॉक्टर म्हणतात की एवढ्या मोठ्या ग्रंथीसाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करणे सरळ पडेल. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लेझर सुचवला. पुण्यात रोबोटिक शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, पण खर्च दुपटीहून अधिक सांगितला. त्यातच साताऱ्याचे आमचे दाजी सांगतात की रोबोट आता पाण्याच्या फवाऱ्याने पाच मिनिटांत प्रोस्टेट कापतो, पोटाला भोकसुद्धा पडत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र पोटाला सहा छिद्रे पडतील असे सांगितले. आबांचे स्वतःचे म्हणणे एवढेच आहे की मला यंत्राच्या ताब्यात देऊ नका. पैशांची व्यवस्था कशीही करू, पण खरोखर गरज आहे का, हे जाणकारांनी सांगावे.


कृष्णाकाठ, कराड

माझ्या सासऱ्यांची मागील वर्षी पुण्यात रोबोटिक शस्त्रक्रिया झाली. त्यांची ग्रंथी १४० ग्रॅमची होती आणि खडाही होता. पोटावर सहा लहान छिद्रे होती, त्यांपैकी बेंबीजवळचे ग्रंथी बाहेर काढण्यासाठी थोडे वाढवले होते. दुसऱ्या दिवशी ते खोलीत चालले, चौथ्या दिवशी घरी सोडले आणि सातव्या दिवशी कॅथेटर निघाला. दुखण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पहिले दोन दिवस पोट फुगल्यासारखे वाटत होते आणि खांद्यात कळ येत होती, ती पोटात भरलेल्या वायूमुळे असते असे सांगण्यात आले.

आबांच्या यंत्राच्या भीतीबद्दल सांगतो. रोबोट स्वतः काही करत नाही. शल्यचिकित्सक त्याच खोलीत काही फुटांवर बसून दोन्ही हातांनी आणि पायांनी तो चालवतात, आणि रुग्णाजवळ दुसरे डॉक्टर उभे असतात. हे सासऱ्यांना आधी दाखवले, तेव्हा ते निर्धास्त झाले.

एक कडू अनुभवही लिहून ठेवतो. आम्हाला दिलेल्या अंदाजपत्रकात रोबोटच्या हातांना लावायच्या उपकरणांचा खर्च धरलेलाच नव्हता. ही उपकरणे ठरावीक वेळाच वापरता येतात आणि त्यांचे पैसे वेगळे लावले जातात. घरी निघण्याच्या दिवशी साठ हजार रुपये जास्तीचे भरावे लागले. त्यामुळे लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात उपकरणे धरली आहेत का, हे नेमके विचारा.


निवृत्त शल्यचिकित्सक, मिरज

आपण आकडे नीट दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मात्र आबांना प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या लिहिण्यापेक्षा वरचा समजावा.

प्रथम शब्दाचा घोळ सोडवू. आपल्या घरात ‘रोबोटिक’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या शस्त्रक्रियांसाठी वापरला जातो आहे. पहिली कर्करोगाची. तिच्यात संपूर्ण प्रोस्टेट आणि वीर्यकोश काढून मूत्राशय पुन्हा मूत्रनलिकेला जोडतात. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांविषयी जे भीतिदायक ऐकू येते, ते मुख्यतः या शस्त्रक्रियेचे असते. दुसरी पुण्याच्या डॉक्टरांनी सुचवलेली. कर्करोग नसलेली साधी वाढ झालेल्या ग्रंथीचा फक्त आतला वाढलेला भाग तिच्यात काढतात आणि बाहेरचे आवरण जागेवर ठेवतात, मोसंबीची साल तशीच ठेवून आतला गर काढावा तसे. तिसरी आपल्या दाजींनी सांगितलेली पाण्याच्या फवाऱ्याची. ती पोटातून होत नाही, मूत्रमार्गातून होते. गुदद्वारातून घातलेल्या सोनोग्राफीच्या चित्रावर शल्यचिकित्सक किती भाग कापायचा याची रेषा आखतात, आणि मग सलाईनचा अतिशय वेगवान फवारा यंत्राच्या नियंत्रणाखाली तेवढाच भाग कापतो. कापण्याचे काम काही मिनिटांचेच असते हे खरे, पण भूल, मोजमाप आणि नंतर रक्तस्राव थांबवणे धरले तर एकूण वेळ बराच होतो. अमेरिकेत या यंत्राला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. उष्णता वापरली जात नाही आणि वीर्य बाहेर येण्याची क्रिया अधिक प्रमाणात टिकते, हे तिचे गुण. रक्तस्राव हा तिचा दुबळा भाग. ३० ते ८० मिलिलिटरच्या (म्हणजे जवळपास तेवढ्याच ग्रॅमच्या) ग्रंथींवर तिचा अनुभव सर्वांत चांगला आहे. त्याहून मोठ्या ग्रंथींवरही ती झालेली आहे, परंतु ११८ ग्रॅम, दोन खडे आणि ॲस्पिरिन हे तिन्ही एकत्र असताना मी स्वतः तिच्याकडे वळलो नसतो.

आता दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी. तिची कल्पना नवी नाही. पोट आणि मूत्राशय उघडून बोटाने गाठ सोडवण्याची पद्धत पीटर फ्रायर यांनी १९०० च्या सुमारास लंडनमध्ये रूढ केली. हे गृहस्थ त्याआधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि मूत्राशयातील खडे फोडण्यात त्यांचा हात बसला होता तो भारतातच. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता ग्रंथीच्या आवरणावरच छेद घेण्याची पद्धत मांडली. माझ्या उमेदीच्या काळात मोठ्या ग्रंथीसाठी आम्ही फ्रायर पद्धतच करत असू, आणि रात्रभर रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढण्यासाठी परिचारिका मोठी पिचकारी घेऊन रुग्णाजवळ जागत बसत. व्हेनेझुएलाचे रेने सोटेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने केल्याचे प्रसिद्ध केले. तात्पर्य, आत जे काढले जाते ते तेच आहे. बदलली आहे ती तेथवर पोहोचण्याची वाट. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते, शल्यचिकित्सकाला त्रिमितीय आणि मोठे केलेले चित्र दिसते, रक्तवाहिनी पाहून बांधता येते आणि मोठी जखम राहत नाही. पोट उघडण्याच्या तुलनेत रक्तस्राव कमी होतो आणि रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. शस्त्रक्रियेचा वेळ मात्र वाढतो. खडे त्याच वेळी तसेच्या तसे उचलून काढता येतात, ही आबांच्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी कापण्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे टीयूआरपीचा, सल्ला कोणी दिला नाही हे योग्यच झाले. ग्रंथी ८० ग्रॅमच्या पुढे गेली की कापण्याचा वेळ लांबतो. जुन्या पद्धतीत वापरले जाणारे ग्लायसिनचे पाणी रक्तात शोषले जाऊन सोडियम घसरण्याचा धोका वाढतो. सलाईनमध्ये चालणाऱ्या बायपोलर यंत्राने तो धोका गेला, वेळ मात्र गेला नाही.

राहिला लेझर. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बहुधा होल्मियम लेझरने ग्रंथी सोलून काढण्याची, म्हणजे होलेपची, शस्त्रक्रिया सुचवली असावी. ही मूत्रमार्गातूनच होते आणि ग्रंथी कितीही मोठी असली तरी करता येते. सोललेला भाग मूत्राशयात ढकलून तेथेच बारीक करून शोषून घेतात, आणि त्याच लेझरने खडेही फोडतात. लक्षणांत पडणारा फरक रोबोटिकइतकाच असतो, कॅथेटर मात्र लवकर निघतो. एक अट आहे: ही शस्त्रक्रिया हातात बसायला वेळ लागतो. पन्नासच्या आसपास रुग्ण झाल्यावर हात स्थिरावतो असे मानतात, आणि ११८ ग्रॅमची ग्रंथी शिकाऊ हाताची नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा की ‘रोबोटिक की लेझर’ हा प्रश्न आपण यंत्रांविषयी विचारत आहात, तो माणसांविषयी विचारावा. शंभर ग्रॅमवरील किती ग्रंथी आपण या पद्धतीने काढल्या आहेत, त्यांपैकी किती जणांना रक्त द्यावे लागले, आणि मध्येच अडचण आली तर आपण काय करता, हे तिन्ही प्रश्न प्रत्येक डॉक्टरांना शांतपणे विचारा. चांगला शल्यचिकित्सक त्यांना रागावत नाही.

यापेक्षा महत्त्वाची वाटली ती मूत्राशयाची गोष्ट. एका वेळी १,१०० मिलिलिटर, क्रिएटिनिन १.९ आणि दोन्ही मूत्रपिंडांना सूज, याचा अर्थ हा अडथळा सर्दीच्या गोळीने एका रात्रीत झालेला नाही. गोळीने फक्त शेवटचा धक्का दिला. लघवी बरेच महिने साचत होती आणि तिचा दाब वर मूत्रपिंडापर्यंत जात होता. अशा रुग्णात शस्त्रक्रियेआधी कॅथेटर काढून पाहण्याचा प्रयोग पुन्हा करू देऊ नका. शिवाय बारा वर्षांचा मधुमेह असल्यामुळे मूत्राशयाचा स्नायू थकलेला असू शकतो. तसे असेल तर कोणत्याही यंत्राने वाट मोकळी करून दिली तरी ढकलण्याची ताकद लगेच येत नाही. मूत्राशयाचा दाब आणि ताकद मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्यावी का, हे विचारा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कॅथेटर राहिला किंवा दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालावी लागली, तर शस्त्रक्रिया फसली असे घरच्यांनी समजू नये, म्हणून हे आधीच सांगतो.


माहुलीकर, सातारा

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. वय ६८, ग्रंथी ९६ ग्रॅम, दोन वर्षांपूर्वी लेझरने होलेप झाले. मणक्यातून भूल दिली होती, तिसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटर काढला आणि संध्याकाळी घरी आलो. पोटावर एकही टाका नाही. त्यामुळे एवढे पैसे घालून पोटाला सहा छिद्रे का पाडून घ्यावीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तरीही जे कोणी सांगत नाही ते सांगतो. पहिले दोन महिने खोकलो, शिंकलो किंवा खाली वाकलो की कपड्यांत लघवी होत असे. पोवई नाक्यावर मित्रांबरोबर उभा राहून हसायचीही भीती वाटे. पॅड वापरावे लागले. व्यायाम सांगितले होते, लघवी मध्येच रोखल्यासारखे स्नायू आवळण्याचे, ते मी सुरुवातीला मनावर घेतले नाहीत. घेतल्यावर हळूहळू थांबले. दुसरी गोष्ट, वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि ते कायमचे असते. ताठरतेवर माझ्या बाबतीत परिणाम झाला नाही. डॉक्टरांनी हे एका वाक्यात सांगितले होते, मी लाजून पुढे विचारले नाही आणि नंतर सहा महिने काळजी करत बसलो. आबांना हे त्यांच्या मुलाने सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी एकट्याने सांगितलेले बरे.


निवृत्त शल्यचिकित्सक, मिरज

माहुलीकरांनी लिहिले ते अचूक आहे. त्यात एवढीच भर की वीर्य मागे जाण्याचा परिणाम पोटातून केलेल्या रोबोटिक शस्त्रक्रियेतही बहुतेकांना होतो. तो लेझरचाच दोष नाही. लघवी गळण्याचा सुरुवातीचा त्रास मात्र लेझरने सोलताना थोडा अधिक दिसतो.


दावा-मेज, सांगली

मी विमा दाव्यांचे काम करत असे, म्हणून खर्चापुरते लिहितो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बारा आधुनिक उपचारांची यादी आहे, आणि हे उपचार विमा कंपनीला सरसकट नाकारता येत नाहीत. त्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे आणि ग्रीन लेझर किंवा होल्मियम लेझरने केलेला प्रोस्टेटचा उपचारही आहे. परंतु कंपनीला या उपचारांवर वेगळी मर्यादा घालण्याची मुभा आहे. पाच लाखांच्या पॉलिसीत रोबोटिकसाठी निम्मीच रक्कम मिळेल असे कलम आतल्या पानावर असू शकते. पॉलिसीचे पहिले पान दाखवून रुग्णालयात दाखल होणारे लोक येथेच फसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रक्रियांची ठरावीक यादी असते; त्यासाठी दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून प्रक्रियेचे नाव लेखी दाखवून घ्यावे.


द्राक्षबाग, तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. दाजींना तीन शस्त्रक्रियांचा फरक वाचून दाखवला. ते म्हणाले की मी सांगितले ते खोटे नव्हते, फक्त ते आबांचे नव्हते.

शल्यचिकित्सक महोदयांना एक शंका विचारतो. पीएसए ८.६ आहे म्हणून पुण्यात एमआरआय सांगितला आहे. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात की कॅथेटरमुळे पीएसए वाढतोच, एवढी घाई नको. यांतील कोणते बरोबर?


निवृत्त शल्यचिकित्सक, मिरज

दोन्ही बरोबर आहेत, आणि अडचण तीच आहे. लघवी तुंबणे, कॅथेटर घालणे आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनी पीएसए तात्पुरता वाढतो, त्यामुळे त्या आठवड्यातील आकडा फुगलेला असू शकतो. उलट ड्युटास्टेराइड वर्षभर घेतलेल्या माणसाचा पीएसए सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून त्याचा अर्थ लावताना आकडा दुप्पट धरतात. शिवाय ११८ ग्रॅमच्या ग्रंथीला पीएसए मुळातच अधिक असतो. म्हणजे आबांच्या ८.६ या आकड्याला काही कारणे वर ओढत आहेत आणि एक गोळी खाली ओढते आहे; त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. एमआरआय करावा असेच माझे मत आहे. कर्करोगाची शंका निघाली तर शस्त्रक्रियेचा सगळा बेत बदलतो, आणि ते शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. क्रिएटिनिनचा अहवाल बरोबर न्यावा, म्हणजे शिरेतून औषध द्यायचे की नाही ते तेथील डॉक्टर ठरवतील. अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट (रक्तवाहिनीतील जाळी) तीन वर्षांपूर्वीचा असल्यामुळे एमआरआयला सहसा अडचण येत नाही, तरी त्याचे कार्ड जवळ ठेवा.

ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. पुष्कळदा ती चालू ठेवूनही लेझरची शस्त्रक्रिया करता येते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो, आपण दोघांमध्ये निरोप्या होऊ नये.


द्राक्षबाग, तासगाव

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. बागेत फवारणीची कामे होती.

एमआरआयमध्ये संशयास्पद गाठ निघाली नाही. त्यानंतर पुण्याला जाऊन आपण सांगितलेले तीनही प्रश्न विचारले. तेथील डॉक्टरांनी आकडे सांगितले, ते समाधानकारक होते आणि आम्ही मनाने जवळजवळ रोबोटिकवर आलो होतो. आबांनाही ती खोली पाहून धीर आला. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला आणि हृदयाची पंप करण्याची क्षमता ४० टक्के निघाली. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावले की रोबोटिक शस्त्रक्रियेत पूर्ण भूल द्यावी लागते, पोटात वायू भरतात आणि काही तास डोके खाली व पाय वर अशा स्थितीत ठेवावे लागते; या हृदयावर तो ताण टाळता आला तर बरे. तेथील युरॉलॉजिस्टांनीच मग सांगितले की कोल्हापूरच्या डॉक्टरांचा होलेपमध्ये हात चांगला आहे, त्यांच्याकडे जा.

कोल्हापुरात पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. मणक्यातून भूल देणार आहेत, खडे त्याच वेळी फोडणार आहेत आणि ॲस्पिरिन चालूच राहणार आहे. मधुमेहामुळे मूत्राशय अशक्त असेल तर कॅथेटर काही दिवस अधिक राहील, हे आबांना डॉक्टरांनी स्वतः सांगितले. बाकीचे त्यांनी आबांना एकट्याला बसवून सांगितले. आबा बाहेर येऊन काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी त्यांना ट्रॅक्टरवर बसू द्यावे?


निवृत्त शल्यचिकित्सक, मिरज

सहा आठवडे मुळीच नाही. मोटारसायकलही नाही आणि पाण्याची भरलेली बादलीही नाही. आतली जखम भरत असताना खपली सुटून दोन-तीन आठवड्यांनी लघवी पुन्हा लाल होऊ शकते, आणि धक्के व जोर यांनीच ती होते. लाल झाली तर विश्रांती घेऊन पाणी वाढवावे. हृदय अशक्त असल्यामुळे दिवसाला किती पाणी चालेल ते हृदयरोगतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा. गुठळ्या येऊन धार अडली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शौचाला कुंथू देऊ नका, त्यासाठी रात्री इसबगोल चालेल. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. बाहेरचे आवरण जागेवरच राहणार असल्यामुळे पीएसएची तपासणी पुढेही लागेल. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी जो आकडा येईल, तो फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा, कारण पुढचे प्रत्येक डॉक्टर तोच आधी मागतील.